अकरा हातांचा कोंबडा

चूक हे लिहिणाऱ्याची होती. ती आधीच कबूल केलेली बरी, कारण मोशीपासून चाकणपर्यंत कुणालाही विचारा, तो कोंबड्याची गोष्ट तिथूनच सुरू करील आणि वर मीठमसाला लावील. हे लिहिणाऱ्याचं नाव सयाजी. इथून पुढं त्याला सयाजीच म्हणायचं. आपलीच फजिती चार पावलं लांबून बघितली की जरा दुसऱ्याची वाटते.

सयाजी नुकताच फायनल, म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा, पास झाला होता, घराण्यात पहिलाच. त्यामुळं त्याला विद्येची थोडी बाधा झाली होती. नाशिक रस्त्यावर त्याच्या आत्याचं, यशोदाबाईचं, हॉटेल होतं. तिथं तो गिऱ्हाइकांना पाणी द्यायचा आणि पिठल्याला ‘बेसनाचा पदार्थ’ म्हणायचा. गिऱ्हाइकं आधीच थोडी. हे ऐकून आणखी कमी व्हायची.

हॉटेल म्हणजे चार मेढी, वर पत्रे, तीन बाकडी आणि मागं कुडाचं स्वयंपाकघर. जागा अशी, की चाकणचे कांदे जिथं संपतात आणि मोशीची ज्वारी जिथं अजून सुरू होत नाही तो मधला मुरमाड माळ. झाड औषधाला नाही. चैत्रात वाटसरू तारेच्या खांबाच्या सावलीत उभा राहायचा, तोही अंग चोरून, रेघेसारखा. त्या माळावर मुबलक अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वारा. सकाळी तो मोशीकडून यायचा, दुपारी चाकणकडून, आणि मधल्या वेळात त्याची मर्जी. स्वयंपाकघराला दोन झडपा होत्या. वाऱ्याच्या अंगाची झडप उघडी राहिली की चुलीचा सगळा धूर आत कोंडायचा, आणि यशोदाबाईचं पिठलं तिच्या डोळ्यांतल्या पाण्यासकट शिजायचं.

एक दिवस ती पदरानं डोळे पुसत बाहेर आली.

“सया, चाकणला मीरासाहेबभाऊंना चिठ्ठी धाड. म्हनावं, पत्र्याचा कोंबडा करून द्या, वाऱ्यावर फिरनारा. वीतभर पुरं.”

“आत्या, माळ घातलीस गळ्यात, आन् कोंबडा?”

“खायला न्हाई रं मुडद्या, बघायला! खडकीला एका बंगल्यावर बघितलाय मी. वारा तिकडं त्याची चोच. कुडावर लावला की आतनं चोच बघायची आन् दुसऱ्या अंगाची झडप उघडायची.”

‘वीतभर’ हा शब्द सयाजीला गावंढळ वाटला. फायनल पास माणसानं वीत लिहायची? दोन वितींचा एक हात, म्हणजे वीत हा अर्धा हात. आणि अर्धा तरी अक्षरांत कशाला लिहायचा? शाळेत गुरुजींनी छडीच्या जोरावर शिकवलेली मांडणी होती ना! एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सयाजीनं टाक झटकला आणि वळणदार अक्षरात लिहिलं:

“कोंबडा पत्र्याचा, वाऱ्यावर फिरणारा. उंची ॥ हात. लवकर करणे.”

चिठ्ठी भैरू गाडीवानाच्या हाती दिली. भैरू चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या न्यायचा, त्याला वाचता येत नव्हतं. पण यशोदाबाईनं त्यालाही तोंडी सांगितलं, वीतभर. हे पुढं लक्षात ठेवायचं आहे.

आता ज्यांची ही खरी गोष्ट आहे ते मीरासाहेब.

मीरासाहेब तेव्हा पंचावन्नच्या घरात होते. चाकणच्या किल्ल्याच्या पडक्या तटाला लागून त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान. वडील रॉकेलच्या चिमण्या करायचे, मीरासाहेब नरसाळी करू लागले. चाळण्या, मापटी, डब्यांची झाकणं, गळक्या बादल्यांना बुडं, हेही करायचे. पण नाव पडलं नरसाळेवाले. तालुक्यातलं निम्मं रॉकेल त्यांच्या नरसाळ्यातून बाटलीत उतरलेलं. पण नरसाळं उलटं करून ते कुणी केलं हे कोण बघतं? ते काम झालं की खिळ्याला टांगतात आणि विसरतात. चाळीस वर्षं पत्रा ठोकून मीरासाहेबांचे कान जड झाले होते. डावा थोडा धरायचा, उजवा नावाला.

लढाईच्या दिवसांत ते देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते. तिथं त्यांनी मोठाली कामं बघितली. माणूस आत उभा राहील असली पिंपं, घराएवढ्या लॉऱ्या. परत आल्यावर वीतभर नरसाळं करताना त्यांचा हात आखडायला लागला. मग लिलाव निघाला की ते जायचे. पोचे गेलेली पिंपं, लॉऱ्यांचे मडगार्ड, एकदा तर चाकाच्या फिरत्या तुंब्यासकट अख्खा आस घेऊन आले. घरामागचं परसू भरून गेलं.

त्यांची बायको मदिना म्हणायची, “अजी, दुसरी बायको आणली असती तर परवडलं असतं. तिनं निदान भांडी घासली असती. हे लोखंड नुसतंच बसून आहे.”

“काम येईल त्याला,” मीरासाहेब म्हणायचे.

“कुणाचं?”

यावर ते एखादं पिंप हातोडीनं वाजवून बघायचे. बारा वर्षं हेच चाललं.

आणि भैरू चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी देताना तो बोटं पसरून काहीतरी बोलला. पण मीरासाहेबांचं डोकं चिठ्ठीत होतं. ते उर्दू शाळेत चार यत्ता शिकलेले. बाळबोध अक्षर त्यांना यायचं, पण एकेक अक्षर हाताला धरून आणावं लागायचं. कों-ब-डा. पत्र्याचा. उंची. आणि मग आकडा. अक्षरं मराठी असली तरी आकडे वाचताना त्यांचा डोळा उर्दू शाळेत जायचा, आणि तिथं एक उभी रेघ म्हणजे एक. दोन उभ्या रेघा शेजारी शेजारी, म्हणजे अकरा.

अकरा हात!

मीरासाहेबांनी चिठ्ठी खाली ठेवली. उठले, घडाभर पाणी प्याले, परत येऊन वाचली. अकराच.

“मदिना!” ते ओरडले. बहिरा माणूस आनंदानं ओरडला की पडक्या तटावरचे पारवे उडतात. “अकरा हातांचा कोंबडा! मोशीच्या माळावर!”

मदिनानं चिठ्ठी उलटीसुलटी केली. तिला वाचता येत नव्हतं, पण व्यवहार येत होता. ती त्यांच्या डाव्या कानाशी गेली. “अकरा हात? साडेसोळा फूट? त्या बाईच्या हॉटेलाची उंची सहा हात नाही. एकदा विचारून या.”

मीरासाहेबांनी परसातल्या पिंपांकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, “विचारलं, आणि नाही म्हणाली तर?”

मदिना वळली. तिनं परसाचं दार सताड उघडलं आणि आपल्या वाळत घातलेल्या मिरच्या उचलून दुसरीकडं नेल्या. संसारात परवानगी अशीच मिळते.

दिवाळीच्या सुमारास काम सुरू झालं. लष्करी पिंपं उभी चिरून त्यांचं अंग केलं. रॉकेलच्या डब्यांची पिसं कापली, शेकड्यांनी. कुठल्या पिसावर कंपनीचं अर्धं नाव, कुठल्यावर हत्तीची सोंड. तुरा मडगार्डांचा. नखं लॉरीच्या स्प्रिंगच्या पाट्यांची. डोळ्यांना लॉरीच्या दिव्यांच्या काचा. पाय जमिनीत पक्के रोवायचे आणि वरचं सगळं धड त्या तुंब्यावर बसवायचं, म्हणजे वारा आला की गर्रकन फिरेल. आणि गळ्यात, कुणी सांगितलं नव्हतं तरी, मीरासाहेबांनी आपली खूण ठेवली. एकात एक अशी नऊ नरसाळी. चाळीस वर्षांची विद्या त्यांना कुठंतरी घालायची होती.

इकडं माळावर यशोदाबाई वीतभर कोंबड्याची वाट बघत होती. भैरू बाजाराहून आला की विचारायची.

“काय रं, झाला का?”

“एक पाय झालाय म्हनं.”

“पंधरा दिसांत एक पाय?”

“सांगत्यात तसं. आत जाऊ देत न्हाईत कुनाला.”

आणखी पंधरा दिवसांनी दुसरा पाय झाला. यशोदाबाई हातातलं पीठ झटकत म्हणाली, “अगं बया! इतक्यात अंड्यातनं जित्तं पिल्लू येतं बाहेर!”

सयाजीनं आपल्या विद्येला स्मरून समजूत घातली, “आत्या, लहान काम अवघड असतं. कलाकुसर असेल.”

“असंल बाबा. नखंबिखं काढत असतील नाजूक.”

एकेक नख साडेतीन शेराचं होतं.

शिमगा उलटला आणि एका सकाळी चाकणच्या बाजूनं माळावर धुरळा दिसला. पुढं भैरू. त्याच्या दोन गाड्या एकीला एक बांधलेल्या, चार बैल, आणि वर ताडपत्रीखाली काहीतरी उताणं पडलेलं. मागं निम्मं चाकण. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण हे कोंबडं झाकतच नव्हतं. ताडपत्री पोटापुरती. दोन पाय आभाळाकडं, तुरा मागं लोंबतोय, आणि काचेचा एक डोळा उन्हात असा चमकतोय की समोरून येणाऱ्या लॉरीवाल्यानं गाडी थांबवून हात जोडले.

मीरासाहेब धुतलेला कुडता घालून शेजारी चालत होते. लग्नातही ते इतके ताठ चालले नव्हते, असं मदिना सांगते.

यशोदाबाई उलथनं घेऊन बाहेर आली. बघत राहिली.

“भाऊ, हे काय?”

“कोंबडा,” मीरासाहेब म्हणाले.

“कुनाचा?”

“तुमचा.”

“माझा वीतभर हाय!” यशोदाबाई ओरडली. मीरासाहेबांनी कानाला हात लावला. ती आणखी ओरडली. त्यांनी चिठ्ठी काढून समोर धरली. ती यशोदाबाईला वाचता येईना, म्हणून सयाजीला बोलावलं.

सयाजीनं आपलंच वळणदार अक्षर बघितलं. दोन उभ्या रेघा. मीरासाहेबांचं बोट त्या रेघांखाली होतं. “अकरा,” ते म्हणाले. सयाजी आत्याकडं सरकला. त्यानं आत्याच्या कानाशी लागून हळू आवाजात सगळं सांगितलं. हळू आवाजात सांगायचं कारण नव्हतं, मीरासाहेबांना ऐकू येणार नव्हतं. बाकी सगळ्यांना मात्र आलं. भैरू तर बैलाच्या पाठीवर डोकं ठेवून हसला.

“फायनल पास!” कुणीतरी मागून म्हणालं. तेव्हापासून सयाजीला त्या टापूत ‘अकरा हात’ म्हणतात.

यशोदाबाईनं उलथनं कमरेला खोचलं. एकदा भाच्याकडं बघितलं, असं, की भाचा वीतभर झाला. एकदा उताण्या कोंबड्याकडं बघितलं. मग मीरासाहेबांकडं. ते अजून चिठ्ठी धरून उभे होते, आणि सगळे का हसतायत याचा अंदाज त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत होता.

ती त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि विचारलं, “वारा कळंल न्हवं ह्याला?”

“कळेल! मुंगीनं फुंकर मारली तरी कळेल!”

“मग झालं. उभा करा.”

उभा करायला दुपार झाली. खड्डा खणायला ते निम्मं चाकण, दोरखंड ओढायला थांबलेले तीन लॉरीवाले. कोंबडा तुंब्यावर बसला तेव्हा वारा पडलेला होता. लोक घाम पुसत वर बघत होते. आणि तीनच्या सुमारास चाकणकडून दुपारचा वारा आला. शेपटी थरथरली, पिसं वाजली, कोंबड्यानं सावकाश मान वळवली, वाऱ्याकडं चोच केली, आणि नऊ नरसाळ्यांतून वारा शिरला.

तो आवाज सांगता येत नाही. शंख आणि म्हैस यांच्या मधला काहीतरी. भैरूचे चारही बैल दावं तोडून पळाले. आळंदीच्या वाटेवरचे दोन बुवा जागच्या जागी थांबले. मोशीतला खरा कोंबडा भर दुपारी आरवला, आणि पुढं रोजच आरवू लागला. त्याच्या मालकिणीनं त्याबद्दल मीरासाहेबांना कधी माफ केलं नाही.

मीरासाहेबांच्या डाव्या कानाला जेमतेम कुणकुण लागली. लोक दचकलेले बघून ते कोंबड्याजवळ गेले आणि त्याच्या पायाच्या नळाला तळहात लावला. नळ हाताखाली घुमत होता. मग त्यांनी गालही लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मजुरी म्हणून ठरलेली पायलीभर बाजरी मदिनानं उचलली, तीसुद्धा त्यांना दिसली नाही.

पुढच्या वर्षभरात माळाचा नूर पालटला. लॉरीवाला लांबून चमक बघायचा, गाडीचा वेग कमी करायचा, आणि खाली उतरून विचारायचा, “बाई, कोंबडा कसा दिला?”

“बगायला फुकट. खायला पिठलं.”

“एवढा मोठा कोंबडा लावलाय, आणि पिठलं?”

“देवळावर कळस असतोय, तो खात्यात काय?”

खजील झालेला माणूस बसायचा आणि दोन भाकरी जास्त खायचा. आळंदीला शिकणारी पोरं एकादशी सोडून इतर दिवशी यायची. नवी जोडपी कोंबड्याच्या पायाशी फोटो काढून घ्यायची, त्यात कोंबड्याचं डोकं कधीच यायचं नाही. एसटीनं थांबा दिला. कंडक्टर दार उघडून ओरडायचा, “चला, कोंबडेवाले उतरा!” आणि पांढऱ्या टोपीतला एखादा पाटील उतरताना मागं वळून म्हणायचा, “कोंबडेवाला तुझा बाप.”

पुढं नवे पैसे आले, लोक आण्यांचा हिशेब विसरले, आणि माळाला मोशीचा माळ म्हणायचंही विसरले. माळ आता कोंबड्याचा झाला होता.

मीरासाहेब दर शुक्रवारी नमाज झाली की चाकणहून यायचे, शिडी लावून तुंब्याला ग्रीस द्यायचे, सुटलेलं पीस ठोकायचे. मग पायाला तळहात लावून उभे राहायचे. लोक विचारायचे, हा कुणी केला? यशोदाबाई बोट दाखवायची. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. नरसाळं करणाऱ्याचं नाव शेवटी निघालं होतं, आणि ते या कोंबड्याच्या दोन पायांवर उभं होतं.

त्या पायांखालीच सुरुंग लागला. पिंपरीकडं कारखाने उभे राहत होते, लॉऱ्या वाढल्या, आणि रस्ता रुंद करायचं ठरलं. रस्त्याच्या कामावरचे सोपानराव मिस्त्री फीत घेऊन आले. माणूस भला, पण कागदाच्या बाहेर पाऊल न टाकणारा. पंधरा दिवस त्यांनी मापं घेतली, यशोदाबाईचं पिठलं खाल्लं, आणि सोळाव्या दिवशी हुकूम आणला. कोंबडा सरकारी हद्दीत येतो. आठ दिवसांत काढावा, नपेक्षा मोडून जप्त करण्यात येईल.

यशोदाबाई त्यांना खूप बोलली. सोपानराव म्हणाले, “बाई, माझ्या मनाचं आहे का? कागद आहे.”

मीरासाहेबांना शुक्रवारी कळलं. सयाजीनंच डाव्या कानात ओरडून सांगितलं. ते शिडी चढले. ग्रीस दिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. शिडी उचलताना एवढंच म्हणाले, “त्यांच्या माणसांचा हात लावू देऊ नका. पहारीनं मोडतील. मीच उतरवीन, पीस पीस.”

आठव्या दिवशी ते कातर, हातोडी आणि रिकाम्या गोण्या घेऊन आले. मदिनाही आली होती. कोंबडा चोच मोशीकडं करून उभा होता, सकाळचा वारा होता. सोपानराव बाकड्यावर बसून पिठलं भाकरी खात होते. कर्तव्याच्या दिवशीही भूक लागते. मीरासाहेब त्यांच्यासमोर उभे राहिले.

“साहेब, एकदा हुकूम ऐकवा. मग हात लावतो. न ऐकता कसा लावू?”

सोपानरावांचे हात पिठल्यात बुडालेले. त्यांनी कोपरानं कामाची वही सयाजीकडं सरकवली. “वाच रे, अकरा हात. शेवटचं पान. मोठ्यानं वाच, म्हणजे यांना ऐकू जाईल.”

सयाजीनं वही घेतली.  मीरासाहेबांना त्यानंच हा कोंबडा चुकून दिला होता आणि आता काढून घ्यायचा कागदही त्यालाच वाचायचा होता. पानं भराभर उलटताना मधलं एक पान उघडं पडलं. त्याचे डोळे तिथंच अडकले. तो मीरासाहेबांच्या डाव्या बाजूला गेला आणि छाती भरून ओरडला:

“मोरी नंबर दोन! कोंबड्यापासून चाकणच्या अंगास चारशे वीस फूट!”

“ते नव्हे रे,” सोपानराव म्हणाले. “शेवटचं पान.”

“मोरी नंबर तीन! कोंबड्यापासून मोशीच्या अंगास नऊशे फूट! वळणाची सुरुवात, कोंबड्यापासून दोनशे दहा! खडीचा ढीग, कोंबड्याच्या शेपटीकडून साठ फूट!”

बाकड्यांवरची माणसं चावायची थांबली.

“शेपटीकडून?” भैरूनं विचारलं. “शेपटी तर फिरती हाय. आता तिकडं गेलीया.”

सोपानराव जरा ओशाळले. “मापं घेतली त्या दिवशी वारा चाकणकडचा होता.”

“पन सायब,” यशोदाबाई पुढं झाली, “समदी मापं कोंबड्यापासनं का?”

“मग कशापासून घेऊ? सोळाव्या मैलाचा दगड गेल्या वर्षी लॉरीनं उडवला तो सापडतच नाही. या माळावर दुसरं आहे काय न हलणारं?”

असं म्हणता म्हणता सोपानरावांचा घास हातातच राहिला. आपण काय बोललो ते त्यांना इतरांच्या थोडं नंतर कळलं. कोंबडा काढला तर रस्त्याखालची मोरी नंबर दोन कुठं बांधायची? वळण कुठून वळवायचं? साठ पानांची वही, आणि प्रत्येक पान कोंबड्याच्या पायाला बांधलेलं. पुण्याला साहेबांची सही झालेली. कोंबडा गेला तर सगळं माप पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हणजे कशापासून, हा प्रश्न पुन्हा होताच.

सोपानरावांनी हात धुतले. चष्मा पुसला. वही मांडीवर घेतली, टाक मागितला, आणि फार विचार करून एक वाक्य लिहिलं. मग ते त्यांनी स्वतःच मोठ्यानं वाचलं:

“मैल सोळाचा दगड जागेवर नसल्याकारणाने, पुढील हुकूम होईपर्यंत सदर कोंबडा हा दगड समजण्यात यावा.”

माळावर एवढा हशा त्याआधी कधी झाला नव्हता. सयाजी मीरासाहेबांच्या कानात ओरडला, “चाचा, तुमचा कोंबडा दगड झाला!” मीरासाहेब घाबरून कोंबड्याकडं बघायला लागले. मदिनानं त्यांना खुणांनी समजावलं, मग त्यांच्या हातातली कातर काढून घेतली आणि रिकाम्या गोणीत टाकली. तेव्हा कुठं ते खाली बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या. साहेबांचा पुढील हुकूम अजून आलेला नाही. रस्ता कोंबड्यापाशी हातभर वाकडा गेला आहे, बघणाऱ्याला दिसतो.

दगड म्हटला की चुना आला. सोपानरावांनी कागदाला धरून कोंबड्याचा डावा पाय पांढरा करून घेतला, आणि आकडा घालायचं काम सयाजीवर आलं. सयाजीनं काळा रंग घेतला आणि हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘सोळा’.

मीरासाहेब मागं उभे होते. “आकडा का नाही घातला?”

सयाजीचे कान तापले. तो ब्रश पुसत राहिला. मग त्यानं डाव्या कानाशी जाऊन, दोन वर्षं जे सांगायला जीभ रेटत नव्हती ते सांगून टाकलं. दोन रेघा, अर्धा हात, वीत, सगळं.

मीरासाहेब ऐकून हसायला लागले. दाढी पोटावर हलेपर्यंत हसले. “ते होय? भैरूनं त्या दिवशी बोटं पसरून दाखवलं होतं की. वीतभर.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“दिसलं होतं. पण मी म्हटलं, कागदावर लिहिलेलं खरं. माणूस बोटं कशालाही पसरतो.” त्यांनी उजव्या कानाला हात लावला. “बेटा, कान जड असण्याचे काही फायदे असतात.”

म्हणजे सयाजीची चूक अर्धीच होती. पण हे तो चारचौघांत सांगायला गेला की लोक विचारतात, “अर्धी म्हणजे किती, अकरा का?” म्हणून त्यानं सोडून दिलं.

एक मात्र राहून गेलं आहे. कोंबडा एवढा थोरला, की स्वयंपाकघराच्या झडपेतून त्याचा पांढरा पाय तेवढा दिसतो. चोच कुणीकडं आहे ते बघायला यशोदाबाईला रस्त्यापर्यंत यावं लागतं, आणि तोवर वारा फिरतो. पिठल्याला अजून धुराचा वास येतो. त्या वासासाठीच लोक येतात असं भैरू म्हणतो, पण तिला ते पटत नाही. दर शुक्रवारी मीरासाहेब शिडीवरून उतरले की ती लाल डोळ्यांनी दारात येते.

“भाऊ, माझा वीतभराचा कोंबडा कवा देनार? पायलीभर बाजरी कवाच पोचलीया!”

मीरासाहेब कानाला हात लावतात. ती डाव्या बाजूला येते आणि पुन्हा ओरडते. मग पळवाट राहत नाही. ते ग्रीसचे हात पुसतात, अकरा हातांवरच्या तुऱ्याकडं एकदा बघतात आणि म्हणतात, “करतोय की. नाजूक काम आहे, बाई. एक पाय झालाय.”